रेसिंगचा कॅम्प करून पोरगं आलं तर मान उचलेना, हे असंच असतंय का? तयारी कशी करायची?

मंठेकर_स्पेअर

नमस्कार मंडळी. मी मंठ्याकडचा, ट्रॅक्टरच्या स्पेअरपार्टचं दुकान आहे. पोरगं १७ वर्षांचं, बारावीला लातूरला असतंय. लहानपणापासून गाड्यांचं वेड. सुट्ट्यांमध्ये पुण्याला आणि कोल्हापूरला नेऊन कार्टिंग केलं, टायमिंग चांगलं काढतंय असं तिथल्याच लोकांनी सांगितलं आणि म्हणले आता याला फॉर्म्युला गाडीत (एकट्यानं बसायची, उघड्या चाकांची रेसगाडी) बसवून बघा. म्हणून मे महिन्यात चेन्नईजवळच्या ट्रॅकवर तीन दिवसांच्या ट्रेनिंग कॅम्पला घेऊन गेलो.

पहिला दिवस बरा गेला. दुसऱ्या दिवशी दुपारच्या सेशननंतर गाडीतून उतरलं आणि हेल्मेट काढलं तर चेहरा लालबुंद, बोटं सरळ होईनात, हातमोजे मीच एकेक बोट धरून ओढून काढले. रात्री जेवताना मान एका बाजूला कललेली, पाण्याचा ग्लास उचलायला दोन्ही हात लावत होतं. परतीच्या रेल्वेत वरच्या बर्थवर चढता आलं नाही. झोपेतून उठताना स्वतःच्या हातानं मागून डोकं धरून उठायचं, तान्ह्या लेकराची मान आपण सावरतो ना तसं. बघून माझ्या काळजात धस्स झालं.

शेवटच्या सेशनला एकाच वळणावर तीन वेळा गाडी ट्रॅकच्या बाहेर गेली. मला म्हणलं, पप्पा वळण दिसत होतं पण डोकंच चालेना.

घरी आल्यावर माझा थोरला भाऊ, तो जुना पैलवान, जत्रेतल्या कुस्त्या मारलेल्या, तो म्हणला बसून गाडी तर चालवायची, त्याच्यात एवढं काय, पोराच्यात दमच नाही. पोरानं ते ऐकलं आणि तेव्हापासून घरात नीट बोलत नाही. त्याच्या आईचं म्हणणं नीटचा अभ्यास कर आणि हे सोड.

मला कुणीतरी माहितगारानं सांगा, हे सगळ्यांनाच होतं का माझ्याच पोराला? आणि तयारी करता येते का, का ज्याला जमतं त्याला जमतंच?

---

नांदेड_दोनसीझन

दादा, आधी हे वाचा मग बाकीचं. तुमच्या पोराला जे झालं ते मला झालं होतं, माझ्यासोबतच्या प्रत्येकाला झालं होतं. मी सिंगल सीटर गाडीत दोन सीझन काढलेत, पैसे संपले म्हणून सोडलं. पहिल्या कॅम्पनंतर मी चार दिवस उशी न घेता झोपलो कारण उशीवर मान ठेवताच येत नव्हती.

आता ते का होतं ते सांगतो म्हणजे तुमच्या भावाला पण सांगता येईल. माणसाचं डोकं साडेचार-पाच किलो, वर दीड किलोच्या आतबाहेरचं हेल्मेट. धरा साडेसहा किलो. वळणावर गाडी वळते पण डोक्याला सरळच जायचं असतं. शिकाऊ फॉर्म्युला गाडीत साधारण दीड ते दोन जी (वजनाच्या दीड-दोन पट जोर) लागतो, म्हणजे प्रत्येक वळणावर १०-१३ किलोचं ओझं मानेला आडवं ओढतंय. आपल्याकडच्या बाया दोन दोन हंडे डोक्यावर घेऊन चालायच्या, पण तो भार सरळ मणक्यावर येतो. इथं भार बाजूनं येतो आणि बाजूचे स्नायू आपण जन्मात कधी वापरलेले नसतात. फॉर्म्युला वनला हाच आकडा पाच जीच्या पुढं जातो, म्हणजे ३० किलोच्या वर, आणि हे एका वळणाचं नाही. मोनॅकोच्या ट्रॅकला १९ वळणं आणि रेसमध्ये ७८ लॅप, म्हणजे ट्रॅकचे फेरे. गुणाकार केला तर १४८२ वळणं होतात, आणि तो ट्रॅक तर त्यातल्या त्यात हळू समजला जातो.

दुसरं हात. शिकाऊ गाड्यांना पॉवर स्टिअरिंग नसतं. अमेरिकेतल्या इंडीकारला पण नसतं आणि ते लोक इंडियानापोलिसला २०० लॅप म्हणजे ८०० किलोमीटर चालवतात. बोटं सरळ होत नाहीत ती त्याच्यामुळं. पोरं भीतीनं स्टिअरिंग गच्च आवळून धरतात आणि पुढचा हात दगडासारखा होतो. आणि ब्रेक! घरच्या गाडीचा ब्रेक अंगठ्यानं दाबल्यासारखा, कारण त्याला बूस्टर असतो. रेसिंगच्या ब्रेकला मदत नाही, पाय मारावा लागतो. फॉर्म्युला वनला पेडलवर १०० किलोच्या वर जोर लावतात आणि तो पण मोजून, चाक लॉक न करता हळूहळू सोडत. एका पायावर १०० किलो उचलायचं आणि त्याच पायानं अंडं पण फोडायचं नाही, असं समजा.

२०१२ ला आम्ही चौघं सचखंड एक्सप्रेसनं दिल्लीला गेलो होतो बुद्ध सर्किटला रेस बघायला. तिथं एक किलोमीटरच्या आसपास सरळ रस्ता आहे आणि शेवटी एकदम काटकोनाच्याही पलीकडं वळण. आम्ही त्या वळणापाशी बसलो होतो. ३०० च्या पुढनं येणारी गाडी डोळ्यासमोर भिंतीला लागल्यासारखी हळू व्हायची आणि आत ते हेल्मेट पुढं झुकलेलं दिसायचं, फक्त एवढंच, जरासं. टीव्हीवर ते कधीच दिसत नाही. मला त्या दिवशी कळलं की सगळा जोर तर तिथं लागतोय.

आणि पैलवान भाऊंना १९९१ ची ब्राझीलची फॉर्म्युला वन रेस सांगा. आयर्टन सेन्ना घरच्या मैदानावर पुढं होता, गिअर एकेक करून गेले, शेवटी फक्त सहावा राहिला. सहाव्या गिअरमध्ये पावसात हळू वळणं काढत रेस जिंकली. नंतर गाडीतून स्वतः उतरता आलं नाही, लोकांनी काढलं. ट्रॉफी वर उचलताना खांद्याचे गोळे आलेले, कशीबशी डोक्यापर्यंत नेली. जगातला सगळ्यात भारी ड्रायव्हर होता तो आणि त्याचं पण तुमच्या पोरासारखंच झालं.

---

संभाजीनगर_फिजिओ

वरच्या दादांनी मानेचं बरोबर सांगितलं. मी फिजिओथेरपिस्ट आहे, माझ्याकडं जास्त करून कबड्डीची आणि क्रिकेटची पोरं येतात, पण बाइक रेसिंगवाले दोघं सध्या येतायत म्हणून यातलं वाचलंय आणि हाताखालून घातलंय.

सगळ्यात आधी: मान दुखणं वेगळं आणि हाताला मुंग्या येणं, बोटं बधिर होणं, चमक खांद्यातून खाली जाणं वेगळं. त्यातलं काही असलं तर व्यायाम सुरू करायच्या आधी ऑर्थोपेडिकला दाखवा, घरगुती उपाय नको.

मला तुमच्या पोस्टमध्ये "डोकंच चालेना" हे वाचून जास्त काळजी वाटली. ते मानेचं नाही, उष्णतेचं आणि पाण्याचं आहे असा माझा अंदाज. आपल्या मराठवाड्यातल्या पोरांना वाटतं आपण ४३ डिग्रीत वाढलो, आपल्याला कसलं ऊन. पण आपलं ऊन कोरडं. घाम येतो आणि उडून जातो, उडतानाच अंग थंड करतो. चेन्नईला हवेत दमटपणा एवढा की घाम अंगावरून नुसता ओघळतो, थंड काही करत नाही. त्यात आगीपासून वाचवणारा नोमेक्सचा सूट, आत त्याच कापडाची बनियन, डोक्यावर बालाक्लावा (डोकं-तोंड झाकणारी टोपी), त्याच्यावर हेल्मेट. पाठीमागं इंजिन. म्हणजे मे महिन्यात गोधडी पांघरून व्यायाम.

फॉर्म्युला वनच्या ड्रायव्हरचे नाडीचे ठोके दीड-दोन तास १६०-१७० ला चालतात. पळत नाहीत तरी एवढे ठोके, कारण अख्खं अंग ताठ धरून बसलेलं असतं, वळणात श्वास रोखलेला असतो आणि वरून गरमी. सिंगापूरला एका रेसमध्ये दोन-तीन किलो वजन नुसतं घामात जातं. २०२३ ची कतारची रेस बघा, रात्रीची रेस होती तरी एस्टेबान ओकॉनला चालत्या गाडीत हेल्मेटमध्येच उलटी झाली आणि तो तसाच चालवत राहिला, लोगन सार्जंटनं अर्ध्यातून गाडी सोडली, लान्स स्ट्रोलला वळणावर डोळ्यापुढं अंधारी येत होती. हे सगळे वर्षभर ट्रेनर घेऊन फिरणारे लोक! त्यानंतर एफआयएनं (रेसिंगची जागतिक संघटना) नियम आणला, २०२५ पासून हीट इंडेक्स, म्हणजे गरमी आणि दमटपणा मिळून जाणवणारं तापमान, ३१ डिग्रीच्या वर जाणार असलं की गाडीत थंडाव्याची सिस्टीम बसवायचीच, अंगात थंड पाणी फिरवणारी बनियन घालतात.

आता उपाय. सेशनच्या आधी आणि नंतर वजन करा, साधा काटा न्या सोबत. एक किलो कमी झालं म्हणजे साधारण एक लिटर पाणी गेलं, ते पुढच्या काही तासांत दीड लिटरच्या हिशोबानं भरून काढायचं, एकदम गटागटा नाही. नुसतं पाणी नको, ओआरएसची एक पुडी एक लिटरमध्ये, किंवा घरी करायचं तर एक लिटरला चहाचे सहा सपाट चमचे साखर आणि चहाचा अर्धा चमचा मीठ. आणि कॅम्पच्या आधी दहा-बारा दिवस रोज उन्हाच्या वेळी तास-तासभर हलका व्यायाम करून शरीर सवयीचं करा, शरीराला उष्णता झेलायला शिकायला तेवढे दिवस लागतातच, एसीतल्या अभ्यासिकेतून उठून डायरेक्ट ट्रॅकवर गेलं की असं होणार. (माझ्याकडच्या एका पोराला एका कोचनं सांगितलं होतं, सेशनच्या आधी पाणी पिऊ नको, मध्येच लघवीला लागेल. ऐकून माझं डोकं फिरलं. असं कुणी सांगितलं तर ऐकू नका.)

मानेसाठी घरच्या घरी: टॉवेल डोक्याभोवती घ्यायचा, दुसऱ्यानं बाजूनं ओढायचं, पोरानं मान न हलवता सरळ धरायची. सात-आठ सेकंद, मग सोडायचं. चारी बाजूंनी. आधी हलक्या हातानं, आठवड्याला जोर थोडा थोडा वाढवत. आठवड्यातून तीन वेळा बास. आणि पैलवान काका घरात आहेत म्हणून मुद्दाम सांगतो, डोक्यावर उभं राहून मान फिरवायचा तालमीतला प्रकार या पोराला आत्ता नको. तो मानेच्या मणक्यांवर भार टाकतो आणि त्याला वर्षांची तयारी लागते. पोहणं, दोरी चढणं, सायकल, हे सगळं चालेल.

---

आष्टीचा_टेन_व्हीलर

मी ट्रक चालवतो, सतरा वर्षं झाली. वाचून चांगलं वाटलं की गाडी चालवणं ही मेहनत आहे असं कुणीतरी लिहायलंय. आमचे पण घरचे म्हणतात दिवसभर बसूनच तर असतोस.

माझं एकच म्हणणं, शरीर थकतं ते कळतं, डोकं थकलेलं माणसाला स्वतःला कळत नाही. मी एकदा रात्री नगरच्या अलीकडं डिव्हायडर बघत होतो, दिसत पण होता, आणि तरी स्टिअरिंग फिरवायला उशीर झाला. क्लीनर ओरडला म्हणून वाचलो. तुमचं पोरगं म्हणतंय ना वळण दिसत होतं पण डोकं चालेना, ते एकदम खरं बोलतंय, त्याला खोटं पाडू नका.

फ्रान्सला २४ तासांची रेस असती, ल मान्स. आता तिथं एका गाडीला तीन ड्रायव्हर असतात आणि नियम असा की कुठल्याही ६ तासांत एकानं ४ तासांपेक्षा जास्त चालवायचं नाही आणि एकाचे सगळे मिळून १४ तासांच्या वर नाही. पूर्वी नव्हतं. १९५२ ला पिएर लेव्हेग म्हणून एक जण २३ तासांच्या आसपास एकटा चालवत राहिला, जोडीदाराला बसूच दिलं नाही, पहिल्या नंबरावर होता आणि शेवटी शेवटी इंजिन गेलं. थकव्यात गिअर चुकीचा पडला असंच बहुतेक जण सांगतात. रेसवाल्यांनी त्यातून शिकून नियम केला. आमच्यासाठी पण १९६१ पासून कायद्यात आहे की दिवसाला ८ तास, पण मालक विचारतो पोचला कधी, किती तास चालवलं ते विचारत नाही. विषय सोडून बोललो, माफ करा, पण मनात होतं.

---

परभणी_नॅव्हिगेटर

मी रॅलीला नॅव्हिगेटर म्हणून बसतो, म्हणजे ड्रायव्हरच्या शेजारी वही घेऊन. रस्ता आदल्या दिवशी हळू फिरून बघायचा, प्रत्येक वळणाला नंबर द्यायचा, मग रेसच्या दिवशी ते वाचून दाखवायचं, डावं चार, शंभर मीटर, उजवं दोन आत आवळतंय, असं. गाडी दगडांवर उडतेय आणि आपण मान खाली घालून वाचतोय. पहिल्या वर्षी प्रत्येक स्टेजनंतर, म्हणजे रॅलीच्या टप्प्यानंतर, मी दार उघडून ओकायचो.

मनाचं कुणी अजून नीट लिहिलं नाही म्हणून लिहितो. ३०० च्या स्पीडला गाडी एका सेकंदात ८३ मीटर जाते. पापणी लवायच्या आत १५-२० मीटर. म्हणजे दिसल्यावर विचार करून काही करायला वेळच नसतो, आधीच माहीत असावं लागतं. हात जे करतायत ते मागच्या वळणाचं असतं आणि डोकं पुढच्या वळणाला जाऊन थांबलेलं असतं. नवीन पोरं बोनेटच्या पुढं दहा मीटर बघतात आणि मग सगळंच अंगावर आल्यासारखं वाटतं. त्यातच दमतात. अर्धा दम हा नजर जवळ ठेवल्यामुळं जातो, हे मी शंभर टक्के खात्रीनं सांगतो.

याचा सराव बिनपैशाचा आहे. डोळे मिटून खुर्चीत बसायचं, हात स्टिअरिंगवर असल्यासारखे, दुसऱ्यानं स्टॉपवॉच धरायचं, आणि अख्खा लॅप मनात चालवायचा, ब्रेक कुठं, गिअर कितवा, नजर कुठं. मोठे मोठे ड्रायव्हर हे करतात आणि मनातल्या लॅपचा टाइम खऱ्या टाइमच्या अगदी जवळ येतो. तुमच्या पोराचा येतो का बघा.

आणि भीतीबद्दल. ती जायला पाहिजे असं काही नाही. फॉर्म्युला वनचा ड्रायव्हर निकी लाउडा १९७६ ला जर्मनीत रेसमध्ये जळाला, सहा आठवड्यांत इटलीला परत गाडीत बसला, जखमेच्या पट्ट्या हेल्मेटला चिकटून रक्त येत होतं, चौथा आला. तोच माणूस त्याच वर्षी जपानला धो धो पावसात दोन लॅप करून स्वतःहून गाडी बाजूला घेऊन उतरला, जगज्जेतेपद गेलं, एका पॉइंटनं गेलं. मला विचाराल तर उतरायला जास्त हिंमत लागली.

---

लातूरची_आई

मी त्या मुलाच्या आईच्या बाजूनं लिहिते. तुम्ही सगळे किती वजन आणि किती घाम ते सांगताय. २०२३ च्या ऑगस्टमध्ये चेन्नईजवळच्याच ट्रॅकवर १३ वर्षांचं लेकरू बाइकच्या रेसमध्ये जिवानिशी गेलं. ती बातमी वाचून मला दोन रात्री झोप आली नाही आणि माझं तर पोरगं रेसिंगमध्ये नाही सुद्धा. त्या माउलीला नुसतं नीट नीट करते म्हणून बाजूला काढू नका. तिला घेऊन जा ट्रॅकवर, तिथं अँब्युलन्स कुठं उभी राहते, डॉक्टर कोण असतो, हे तिच्या डोळ्यांनी बघू द्या. मग ती काय म्हणते ते ऐका.

---

नांदेड_दोनसीझन

ताई, बरोबर आहे तुमचं, याच्यावर वाद घालणार नाही. २०२० ला बहारिनला फॉर्म्युला वनच्या रेसमध्ये ग्रोजाँ नावाच्या ड्रायव्हरची गाडी कठड्यात घुसून दोन तुकडे झाली, जवळजवळ अर्धा मिनिट आगीत होता, ६७ जीचा दणका, आणि स्वतःच्या पायानं बाहेर आला. हॅलो म्हणजे डोक्याभोवतीची धातूची कमान, मानेचा पट्टा आणि तो सूट यांनी वाचवलं. पण ते सगळं सामान घालणारा माणूस शुद्धीवर असावा लागतो आणि अंगात बाहेर निघायची ताकद असावी लागते. तयारी नसलेलं पोरगं गाडीत बसवू नये याचं हे पण एक कारण आहे. माझी आई पण पहिल्या वर्षी आली होती, पूर्ण वेळ पाठ करून बसली, पण आली.

---

मंठेकर_स्पेअर

सगळ्यांचे मनापासून आभार. उशिरा लिहितोय, पंधरा दिवस झाले. ऑर्थोच्या डॉक्टरांना दाखवलं, मुंग्या वगैरे काही नाही, स्नायूच आखडले होते.

भावाला सेन्नाचा व्हिडिओ दाखवला. काही बोलला नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी टॉवेल घेऊन पोराच्या मागं उभा. आता पोरगं लातूरहून आलं की तोच ओढतो, तोच मोजतो, आणि मी जास्त ओढ म्हणलं तर मलाच म्हणतो तुला काय कळतंय, फिजिओनं हळू सांगितलंय. पोराची आई नोव्हेंबरच्या कॅम्पला सोबत येणार आहे, हो म्हणली नाही पण तिकीट काढू दिलं.

परभणीवाल्या दादांसाठी एक प्रश्न. डोळे मिटून लॅपचं करून बघितलं, स्टॉपवॉच माझ्या हातात. पहिल्यांदा १४ सेकंदांचा फरक आला, आता चार-पाचवर आलाय. पण दर वेळी एका ठिकाणी गप्प होतं, हात थांबतात, कपाळाला आठ्या पडतात आणि मग पुढं जातं. विचारलं तर तेच वळण निघालं, जिथं तीनदा बाहेर गेलं होतं. म्हणतंय तिथं मला चित्रच दिसत नाही. याला काय करायचं?

---

परभणी_नॅव्हिगेटर

दादा, सापडलं की मग. तिथं त्यानं नीट बघितलेलंच नाही, तीन वेळा पोचलं तेव्हा दमलेलं होतं आणि नजर खाली होती, मग चित्र येणार कुठनं. स्टॉपवॉच ठेवून द्या आता. नोव्हेंबरला गेलात की गाडी सुरू व्हायच्या आधी परवानगी काढून सकाळी त्याच्यासोबत त्या वळणावर पायी जा. वळणाच्या सुरुवातीला उभं करा, बाहेर पडायच्या जागेपर्यंत चालवा, मग उलटं चालत आणा. डांबराचा रंग कुठं बदलतो, कडेचा लाल-पांढरा कर्ब कुठं संपतो, पलीकडं झाड आहे का खांब आहे, ते त्याला स्वतःला शोधू द्या, तुम्ही सांगू नका. आणि मग तिथंच कर्बवर बसवून डोळे मिटायला लावा.